शाळेविना शाळेचा आठवडा : शिकागोची रेडिओ-शाळा (१९३७)

प्रस्तावना :

साथीच्या रोगांचा इतिहास प्रामुख्याने मृत्यूंची संख्या, शासनाचे आदेश आणि वैद्यकीय शोध यांच्या आधारे लिहिला जातो. साथीच्या दिवसांत प्राथमिक शाळेतील मुलांच्या शिक्षणाचे नेमके काय झाले, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. २०२० साली कोविड-१९ च्या महासाथीमुळे जगभरातील शाळा बंद झाल्या. युनेस्कोच्या नोंदीनुसार एप्रिल २०२० मध्ये दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शिक्षणावर त्याचा परिणाम झाला होता. शिक्षण घरापर्यंत नेण्याच्या ज्या व्यवस्था त्या काळात उभ्या राहिल्या, त्या अनेकांना सर्वस्वी नव्या वाटल्या. प्रत्यक्षात त्यांना जुना इतिहास आहे. सप्टेंबर १९३७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात बालपक्षाघाताच्या (पोलिओच्या) साथीमुळे शाळा उघडता आल्या नाहीत, तेव्हा तेथील शिक्षण मंडळाने संपूर्ण शहरातील प्राथमिक वर्ग रेडिओवरून भरविले.

प्रस्तुत लेखात या रेडिओ-शाळेच्या पहिल्या आठवड्याचा, म्हणजे सोमवार दि. १३ ते शनिवार दि. १८ सप्टेंबर १९३७ या सहा दिवसांचा, अभ्यास केला आहे. या आठवड्यात पाठ कसे दिले गेले, ते कोणापर्यंत पोहोचू शकत होते आणि मुलांकडून शिक्षकांपर्यंत काय परत येत होते, या तीन प्रश्नांभोवती विवेचन केंद्रित केले आहे. त्यानंतर या अनुभवाच्या प्रकाशात महाराष्ट्रातील २०२० ते २०२२ या काळाचा थोडक्यात विचार केला आहे.

बालपक्षाघाताची भीती :

बालपक्षाघाताचा विषाणू १९०८ साली व्हिएन्नामध्ये कार्ल लँडस्टायनर व एर्विन पॉपर यांनी दाखवून दिला होता. तथापि १९३७ पर्यंत या रोगावर लस नव्हती आणि औषधही नव्हते. तो नेमका कसा पसरतो याविषयी वैद्यकांमध्ये एकमत नव्हते. विषाणू नाकावाटे शरीरात शिरतो, अशी त्या काळात प्रबळ समजूत होती. तो मुख्यतः विष्ठेने दूषित झालेल्या हातांवाटे, अन्नपाण्यावाटे पोटात जातो, हे पुढे स्पष्ट झाले. या रोगाची आणखी एक अडचण अशी की, संसर्ग झालेल्या बहुसंख्य मुलांमध्ये कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. लुळा पडलेला एक रुग्ण दिसतो तेव्हा त्याच्याभोवती न दिसणारे अनेक संसर्गित असतात. रोगी ओळखून त्याला वेगळे ठेवणे हा साथ रोखण्याचा नेहमीचा उपाय येथे अपुरा पडत असे.

१९१६ च्या साथीत एकट्या न्यूयॉर्क शहरात सुमारे ९,००० रुग्ण आढळले होते आणि दोन हजारांहून अधिक मृत्यू झाले होते. त्या वर्षीही शाळा उशिराने उघडल्या होत्या. १९२८ मध्ये श्वसनाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णांसाठी 'लोखंडी फुफ्फुस' हे यंत्र वापरात आले आणि त्यात बंदिस्त असलेल्या मुलांची छायाचित्रे पालकांच्या मनावर कोरली गेली.

येथे एक विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या महासाथीत अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या असताना शिकागोने त्या सुरू ठेवल्या होत्या. दाटीवाटीच्या घरांपेक्षा मूल हवेशीर वर्गात, परिचारिकांच्या व शिक्षकांच्या नजरेखाली अधिक सुरक्षित राहते, अशी त्यामागील भूमिका होती. त्याच शहराने एकोणीस वर्षांनंतर उलट निर्णय घेतला, कारण या वेळी रोगाचे लक्ष्यच मुले होती. सप्टेंबरच्या प्रारंभीच्या सुट्टीनंतर उघडणाऱ्या शाळा आरोग्य विभागाच्या सल्ल्यावरून बंदच ठेवण्यात आल्या. आरोग्य मंडळाचे प्रमुख त्या वेळी हर्मन बंडेसन हे होते.

मंदीच्या छायेतील शाळा :

हा निर्णय ज्या शाळांबाबत झाला त्या सुस्थितीत नव्हत्या. जागतिक मंदीच्या काळात शिकागोच्या शिक्षण मंडळाची तिजोरी रिकामी झाली होती. १९३१ ते १९३३ या काळात शिक्षकांना महिनोन्महिने पगार मिळाला नाही. काही वेळा रोख रकमेऐवजी वचनचिठ्ठ्या देण्यात आल्या. एप्रिल १९३३ मध्ये पगारासाठी शिक्षकांनी शहरातील बँकांवर मोर्चे नेले. त्याच वर्षी जुलैमध्ये मंडळाने मोठी खर्चकपात केली. त्यात कनिष्ठ माध्यमिक शाळा रद्द झाल्या, बालवर्ग निम्म्यावर आले आणि सुमारे १,४०० शिक्षकांना कामावरून कमी करण्यात आले. १९३६ मध्ये विल्यम जॉन्सन हे शहराचे शिक्षण अधीक्षक झाले. रेडिओ-शाळेची योजना त्यांच्याच कारकिर्दीत अमलात आली.

दुसऱ्या बाजूने पाहता शिकागो हे शैक्षणिक विचारांचे मोठे केंद्र होते. १८९६ मध्ये जॉन ड्युई यांनी येथेच विद्यापीठाची प्रयोगशाळा-शाळा सुरू केली होती. मूल हाताने काम करून, प्रश्न विचारून आणि इतरांसोबत वावरून शिकते, हा विचार या शहरातून जगभर गेला. मुलाने एका ठिकाणी बसून दूरचा आवाज ऐकावा अशी व्यवस्था त्याच शहरात उभी राहावी, हा केवळ योगायोग मानता येईल. परंतु या व्यवस्थेच्या मर्यादा समजून घेण्यासाठी हा संदर्भ उपयुक्त आहे.

शिक्षणासाठी रेडिओचा वापर ही त्या वेळी नवलाई राहिलेली नव्हती. ब्रिटनमध्ये बीबीसीचे शालेय कार्यक्रम १९२४ पासून होत होते. ओहायो राज्याची रेडिओ-शाळा १९२९ मध्ये सुरू झाली होती. मात्र हे सर्व कार्यक्रम वर्गात बसलेल्या मुलांसाठी, शिक्षकाच्या उपस्थितीत ऐकण्यासाठी होते. शिकागोमध्ये प्रथमच रेडिओ वर्गाला पूरक न राहता वर्गाच्या जागी आला.

आठवड्याचे वेळापत्रक :

सोमवार दि. १३ सप्टेंबर रोजी प्रसारण सुरू झाले. इयत्ता तिसरी ते आठवीच्या सुमारे ३,१५,००० मुलांसाठी ही योजना होती. शहरातील सहा रेडिओ केंद्रांनी आपला वेळ विनामूल्य दिला. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे दिवस सामाजिक शास्त्रे व विज्ञानासाठी, तर मंगळवार, गुरुवार आणि शनिवार हे इंग्रजी व गणितासाठी ठरविण्यात आले. प्रत्येक इयत्तेसाठी ठरलेल्या वेळी सुमारे पंधरा मिनिटांचा पाठ होत असे.

पाठ तयार करण्यासाठी विषयवार शिक्षकांच्या समित्या नेमण्यात आल्या होत्या, तर मुख्याध्यापक प्रसारित पाठांच्या दर्जावर लक्ष ठेवीत. शहरातील दैनिके रोज सकाळी त्या दिवसाच्या पाठांच्या वेळा, मुद्दे, प्रश्न आणि गृहपाठ छापीत. मुलाने प्रथम वृत्तपत्रातील मजकूर वाचावा, वही-पेन्सिल घेऊन रेडिओसमोर बसावे, पाठ ऐकावा आणि मग दिलेले प्रश्न सोडवावेत, अशी अपेक्षा होती. शाळा उघडल्यावर हा गृहपाठ तपासला जाईल आणि त्यावर चाचणी होईल, असेही सांगण्यात आले. पाठ रंजक व्हावेत म्हणून अधूनमधून नामांकित वक्त्यांना बोलावण्यात आले.

वेळापत्रकाचा बारकाईने विचार केला असता दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली गोष्ट म्हणजे, रेडिओ-शाळा एकट्या रेडिओवर उभी नव्हती. आवाज ऐकला की विरून जातो. छापील मजकूर समोर राहतो आणि पुन्हा पाहता येतो. म्हणून वृत्तपत्राने येथे पाठ्यपुस्तकाचे आणि फळ्याचे काम केले. दुसरी गोष्ट त्यातूनच निघते. ज्या मुलाला छापील मजकूर स्वतः वाचता येत होता, त्याच्यासाठीच ही व्यवस्था सोयीची होती. पहिली आणि दुसरीची मुले या योजनेत नव्हती. अक्षरओळख ज्या वयात व्हावयाची, त्या वयाच्या मुलांना या आठवड्यात कोणताही पाठ नव्हता.

ऐकणे आणि विचारणे :

वर्गात शिक्षक बोलत असताना त्याची नजर मुलांच्या चेहऱ्यांवरून फिरत असते. कोणाला समजले नाही, कोणाचे लक्ष नाही, हे त्याला न सांगता कळते आणि तो थांबतो, पुन्हा सांगतो, उदाहरण बदलतो. रेडिओवरील शिक्षकाला हे शक्य नव्हते. काही पाठ फार वेगाने पुढे गेल्याची, काही भागांत प्रसारण स्पष्ट ऐकू येत नसल्याची तक्रार होती. मागे पडलेल्या मुलाला त्या पंधरा मिनिटांत शिक्षकाला थांबविण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

ही उणीव मंडळाच्या लक्षात आलेली होती. म्हणून मध्यवर्ती कार्यालयात सोळा शिक्षकांना दूरध्वनीवर बसविण्यात आले. पालकांनी व मुलांनी आपल्या शंका तेथे विचारावयाच्या होत्या. पहिल्याच दिवशी एक हजाराहून अधिक दूरध्वनी आले आणि आणखी पाच शिक्षक नेमावे लागले. या छोट्याशा घटनेला विशेष महत्त्व आहे. पाठ देण्याची सोय झाल्याबरोबर प्रश्न विचारण्याची गरज किती तीव्र असते, हे तिच्यातून दिसते. तसेच तीन लाखांहून अधिक मुलांच्या शंका ऐकण्यासाठी एकवीस माणसे होती, हेही दिसते. पाठ पाठविण्यासाठी सहा केंद्रे आणि सर्व प्रमुख दैनिके उभी होती; उलट दिशेने येण्यासाठी मात्र एका कार्यालयातील मोजके दूरध्वनी होते.

हे अंतर आणखी एका बाजूने तपासता येते. अमेरिकेच्या जनगणनेनुसार १९३० मध्ये देशातील सुमारे ४० टक्के कुटुंबांकडे रेडिओ होता. १९४० मध्ये हे प्रमाण सुमारे ८३ टक्क्यांवर गेले. घरी दूरध्वनी असलेल्या कुटुंबांचे प्रमाण मात्र १९४० मध्ये सुमारे ३७ टक्के होते. मंदीत अनेक कुटुंबांनी खर्च वाचविण्यासाठी दूरध्वनी काढून टाकला होता, रेडिओ मात्र ठेवला होता. ही राष्ट्रीय आकडेवारी असल्याने शिकागोला ती जशीच्या तशी लागू करता येणार नाही, परंतु तिच्यातील कल स्पष्ट आहे. ऐकण्याचे साधन अनेकांकडे होते, विचारण्याचे साधन त्यांच्यापैकी निम्म्यांकडेही नव्हते. गरीब वस्तीतील मुलाला पाठ ऐकू आला तरी त्याची शंका त्याच्याच घरात राहत असे. तिचे उत्तर आईवडील, थोरली भावंडे किंवा शेजारी देऊ शकतील की नाही, यावर त्याचे शिकणे अवलंबून होते.

३,१५,००० या आकड्याचा अर्थ :

रेडिओ-शाळेविषयीच्या लेखनात ३,१५,००० हा आकडा वारंवार येतो. 'इतक्या मुलांनी रेडिओवरून शिक्षण घेतले' असे विधान त्यावरून केले जाते. साधनांची चिकित्सा करताना हा आकडा कशाचा आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. तो ज्या इयत्तांसाठी योजना होती त्या इयत्तांतील मुलांचा आहे. रेडिओसमोर बसलेल्या मुलांचा तो नाही. वर्गात हजेरी घेतली जाते, त्यामुळे गैरहजर मूल ओळखता येते आणि त्याच्या घरी निरोप धाडता येतो. रेडिओ-शाळेला हजेरीपुस्तक नव्हते. त्यामुळे जे मूल ऐकत नव्हते ते 'गैरहजर' म्हणूनही कोठे नोंदले गेले नाही.

घराबाहेर पडून शिकण्याच्या व्यवस्थेत अनुपस्थिती दिसते, घरबसल्या शिकण्याच्या व्यवस्थेत ती अदृश्य होते. म्हणूनच योजनेचे यश किती तास प्रसारण झाले, किती केंद्रांनी साहाय्य केले, किती दैनिकांनी मजकूर छापला, अशा पाठविण्याच्या मापांनी सांगितले गेले. पाठ किती मुलांना समजला, हे मात्र या मापांतून कळत नाही.

शाळा पुन्हा उघडल्यावर :

साथ ओसरू लागल्यावर शाळा उघडल्या आणि तीन आठवड्यांच्या आत ही योजना संपुष्टात आली. तिचा एक वारसा मात्र टिकला. शिक्षण मंडळाने रेडिओविषयीचे काम पुढे चालू ठेवले आणि १९४३ मध्ये 'डब्ल्यूबीईझेड' हे स्वतःचे केंद्र सुरू केले. तेथून होणारे शालेय कार्यक्रम पुन्हा वर्गात, शिक्षकासमोर ऐकले जाऊ लागले. संकटकाळात शाळेची जागा घेतलेले साधन सामान्य काळात शाळेच्या आत, शिक्षकाचा मदतनीस म्हणून स्थिरावले.

त्याच महिन्यात, दि. २३ सप्टेंबर १९३७ रोजी, स्वतः पोलिओग्रस्त असलेले राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी बालपक्षाघाताविरुद्ध राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापण्याची घोषणा केली. या प्रतिष्ठानाने पुढे ज्या संशोधनाला आर्थिक साहाय्य केले, त्यातून जोनास साल्क यांची लस सिद्ध झाली आणि एप्रिल १९५५ मध्ये तिच्या यशाची घोषणा झाली. भारतात वन्य पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. एक रोग अशा प्रकारे आवाक्यात आला, परंतु साथीत मुलांनी कसे शिकावे हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

शिकागोच्या प्रयोगाला अपयश म्हणता येणार नाही. काही दिवसांत एवढ्या मोठ्या शहरासाठी पाठांची आखणी होणे आणि रेडिओ, वृत्तपत्रे व शिक्षक यांनी एकत्र येणे ही लहान बाब नव्हती. तथापि खंड अल्प असल्यामुळे प्रयोगातील उणिवा फारशा जाणवल्या नाहीत. तीन आठवड्यांत मागे पडलेले मूल वर्गात परतल्यावर शिक्षकाच्या नजरेत येत असे आणि त्याची भरपाई होऊ शकत असे. हाच खंड महिन्यांवर गेला तर काय होईल, याचे उत्तर शिकागोकडे नव्हते. ते उत्तर २०२० नंतर मिळाले.

महाराष्ट्राचा अनुभव (२०२० ते २०२२) :

महाराष्ट्रातील शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. दि. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर ती आधारित होती. ज्या घरी इंटरनेट नाही, पण दूरचित्रवाणी संच आहे, त्या घरांपर्यंत पोहोचण्याचा तो प्रयत्न होता. शिकागोच्या योजनेत नसलेल्या पहिली-दुसरीच्या मुलांचा तिच्यात समावेश होता, हा महत्त्वाचा फरक होय. याबरोबरच ध्वनिमुद्रित पाठ, व्हॉट्सअ‍ॅप गट, आणि जेथे शक्य तेथे वाडी-वस्तीवर जाऊन शिक्षकांनी घेतलेले छोटे गट, अशी अनेक साधने वापरात आली.

तरीही शिकागोतील मूळ प्रश्न कायम राहिला. सप्टेंबर २०२० मध्ये 'असर' या सर्वेक्षणाने भारतातील ग्रामीण कुटुंबांशी दूरध्वनीवरून संपर्क साधून, मागील एका आठवड्यात मुलाला शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळाले काय, असे विचारले. सुमारे ३६ टक्के मुलांच्या बाबतीत उत्तर होकारार्थी होते, तर स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण सुमारे ६२ टक्के होते. म्हणजे साधन घरात असणे आणि पाठ मुलापर्यंत पोहोचणे या वेगळ्या गोष्टी होत्या. या सर्वेक्षणाचे वेगळेपण असे की त्याने पाठविणाऱ्याला न विचारता घरी विचारले. १९३७ मध्ये जी हजेरी घेतली गेली नव्हती, तिचाच हा एक प्रकार होता.

शाळा उघडण्याचा क्रमही बोलका आहे. नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२० पासून, पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद पडले. पहिली ते चौथीचे वर्ग मात्र डिसेंबर २०२१ पर्यंत उघडले नाहीत, आणि जानेवारी २०२२ मध्ये तेही काही काळ पुन्हा बंद झाले. ज्यांना शिक्षकाची गरज सर्वाधिक, ती मुले सर्वांत शेवटी शाळेत आली.

'असर'च्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आले. २०२२-२३ मध्ये तिसरीत असलेली ही मुले २०२०-२१ मध्ये पहिलीत होती. त्यांच्यापैकी अनेकांनी पहिलीचा वर्ग आतून पाहिलाच नाही. शाळा नियमित झाल्यावर २०२४ मध्ये हे प्रमाण पुन्हा २७.१ टक्क्यांपर्यंत आले. ही वाढ शाळेचे सामर्थ्य दाखविते. मात्र २०२४ मध्ये मोजलेली तिसरीतील मुले वेगळी होती. महासाथीत पहिलीत असलेली मुले तोपर्यंत पाचवीत गेली होती आणि तिसरीच्या सुधारलेल्या आकड्यात ती दिसत नाहीत.

मुलांकडून परत येणाऱ्या प्रश्नांची सोय करण्याचा एक जुना धडा महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे व परिसरातील पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत रेडिओ-शेती मंडळे स्थापन झाली. शेतकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, आपले प्रश्न आकाशवाणीकडे पाठवावेत आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत मिळावीत, अशी ती रचना होती. तेथे ऐकणारा एकटा नव्हता आणि विचारणे हा कार्यक्रमाचाच भाग होता. प्रौढ शेतकऱ्यांसाठी जे आवश्यक मानले गेले, ते सात वर्षांच्या मुलासाठी अधिकच आवश्यक होते.

निष्कर्ष :

१. सप्टेंबर १९३७ मधील शिकागोची रेडिओ-शाळा हा साथीच्या काळात संपूर्ण शहराचे प्राथमिक शिक्षण प्रसारमाध्यमाद्वारे चालविण्याचा आरंभीचा आणि सुसंघटित प्रयत्न होता. वृत्तपत्रांच्या साहाय्याशिवाय तो उभा राहू शकला नसता.

२. या व्यवस्थेत पाठ पाठविण्याची क्षमता मोठी, तर मुलांची शंका ऐकण्याची क्षमता अत्यल्प होती. त्यामुळे ज्या घरात मदत करणारे प्रौढ होते, तेथील मुलांनाच तिचा पूर्ण लाभ होणे शक्य होते.

३. हजेरी नसल्यामुळे वंचित मूल नोंदीतूनही वगळले गेले. अशा योजनांच्या इतिहासलेखनात लाभार्थ्यांची संख्या आणि प्रत्यक्ष शिकणाऱ्यांची संख्या यांत भेद करणे आवश्यक आहे.

४. १९३७ मध्ये आणि २०२० ते २०२२ मध्येही सर्वांत मोठी उपेक्षा वाचावयास शिकण्याच्या उंबरठ्यावरील मुलांच्या वाट्याला आली. दूरस्थ माध्यमे वाचता येणाऱ्याला पुढे नेऊ शकतात, परंतु अक्षरापर्यंत पहिल्यांदा पोहोचण्यासाठी मुलाला त्याच्याकडे पाहणारा माणूस लागतो.

५. पुढील साथीचे नियोजन करताना प्रसारणाच्या तासांआधी दोन गोष्टी ठरविल्या जाव्यात : पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून किमान एकदा कोण प्रत्यक्ष भेटेल, आणि ज्या मुलापर्यंत पाठ पोहोचला नाही त्याचे नाव कोणाच्या वहीत लिहिले जाईल.